गुपित राखणाऱ्याला कायद्याने मदत का करावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: पेटंट घेणारा आपला शोध जगापुढे उघड करतो आणि त्या बदल्यात त्याला ठरावीक मुदतीची मक्तेदारी मिळते, हा सौदा समजण्यासारखा आहे, पण जो आपली कृती कुलूपबंद ठेवतो आणि समाजाला काहीच शिकवत नाही, त्याच्या पाठीशी न्यायालयाने का उभे राहावे? गुपित सांभाळणे हे ज्याचे त्याचे काम आहे, ते फुटले तर नुकसानही त्यानेच सोसावे, असे आपले म्हणणे. हा आक्षेप मला वजनदार वाटतो. व्यापारी गुपितांच्या दाव्यांत मी बरीच वर्षे काम करते आहे, कधी वादी कंपनीच्या बाजूने तर कधी नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या बाजूने, आणि या कायद्याची नेहमी दिली जाणारी काही समर्थने मलाही पुरेशी वाटत नाहीत. तरीही हा कायदा असावा असे माझे ठाम मत आहे. माहिती लपवायला कायदा लागत नाही, कुलूप पुरते. कायद्याची गरज पडते ती ती माहिती दुसऱ्या कोणाला तरी सांगण्याची वेळ येते तेव्हा.

आधी कायदा नेमके काय देतो ते पाहू, कारण आक्षेपाचा बराच भाग येथील गैरसमजातून येतो. जागतिक व्यापार संघटनेच्या, बौद्धिक संपदेविषयीच्या ट्रिप्स कराराच्या ३९व्या कलमात तीन अटी आहेत: माहिती त्या क्षेत्रातल्या लोकांना सर्वसाधारणपणे माहीत नसावी किंवा सहज मिळण्यासारखी नसावी, ती गुप्त असल्यामुळेच तिला व्यापारी मोल असावे, आणि ती गुप्त राहावी म्हणून धारकाने परिस्थितीनुसार वाजवी खबरदारी घेतलेली असावी. अमेरिकेचा २०१६ चा डिफेंड ट्रेड सिक्रेट्स ॲक्ट आणि त्याच वर्षीचा युरोपीय संघाचा निर्देश यांच्या व्याख्या याच साच्यातल्या आहेत. भारतात न्यायालयांनी हे संरक्षण स्वतंत्र कायद्याविना, करार आणि विश्वासभंगाच्या तत्त्वांवर उभे केले. विधी आयोगाने मार्च २०२४ मधील २८९व्या अहवालात स्वतंत्र कायद्याचा मसुदा सुचवला. तपशील वेगळे असले तरी गाभा सगळीकडे एकच आहे, आणि तो असा की कायदा माहितीवर मक्तेदारी देत नाही. तुमचा प्रतिस्पर्धी स्वतंत्रपणे प्रयोग करून त्याच उत्तरापर्यंत पोहोचला तर तुम्ही त्याला अडवू शकत नाही. त्याने बाजारातून तुमची वस्तू विकत घेतली, उघडून पाहिली, तिचे रासायनिक पृथक्करण केले आणि कृती शोधून काढली, तरीही तो निर्दोष आहे. कायदा फक्त गैरमार्ग अडवतो: चोरी, लाच, फसवणूक, हेरगिरी आणि विश्वासाने मिळालेल्या माहितीचा दगाबाजीने वापर. पेटंटधारक दुसऱ्याच्या स्वतंत्र संशोधनालाही २० वर्षांपर्यंत थोपवू शकतो; गुपिताच्या धारकाला तो अधिकार एका दिवसाचाही नसतो. त्यामुळे आपण ज्याला फुकटची मक्तेदारी म्हणता ती येथे मुळातच नाही.

गैरमार्ग कशाला म्हणायचे, याचे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण १९६९ सालचे आहे. अमेरिकेत टेक्सासमधील ब्यूमाँट येथे ड्यूपाँ कंपनी मिथेनॉल बनवण्याचा कारखाना उभारत होती. प्रक्रिया गुप्त होती, तिचे पेटंट घेतलेले नव्हते, आणि इमारतीवर छप्पर चढायचे होते. एक विमान कारखान्यावर घिरट्या घालताना कामगारांना दिसले. चौकशीत कळले की दोन छायाचित्रकारांनी वरून १६ छायाचित्रे काढली आहेत आणि ती ज्याच्यासाठी काढली त्याचे नाव सांगायला ते तयार नाहीत. त्यांचा बचाव वरवर पाहता बिनतोड होता: आकाश सर्वांचे आहे, आम्ही कुंपण ओलांडले नाही, कोणाला दिलेला शब्द मोडला नाही, कोणताही गुन्हा केला नाही. अपील न्यायालयाने १९७० मध्ये तो बचाव फेटाळला. निकालाचा आशय असा होता की, बांधकाम चालू असलेल्या कारखान्यावर केवळ हेरगिरीच्या भीतीने तात्पुरते छप्पर घालायला लावणे म्हणजे एका पोरकट युक्तीपासून बचाव करण्यासाठी प्रचंड खर्च लादणे होय.

या निकालात कायद्याच्या समर्थनाचे एक महत्त्वाचे सूत्र आहे. कायदा नसता तर ड्यूपाँने छप्पर घातले असते, मग कोणी भिंतीला कान लावला असता, मग भिंत जाड झाली असती. अशा चढाओढीत दोन्ही बाजूंचा पैसा खर्च होतो आणि जगात मिथेनॉलचा एक थेंबही वाढत नाही. धारकाने वाजवी खबरदारी घ्यायची आणि त्यापलीकडचे काम कायद्याने करायचे, ही विभागणी म्हणूनच शहाणपणाची आहे. ‘वाजवी’ या शब्दावर मात्र माझा आग्रह असतो. एका कंपनीने माझ्याकडे दाव्यासाठी कागदपत्रे आणली तेव्हा मी त्यांच्या कार्यालयात गेले, आणि ज्या फोल्डरमध्ये ते गुपित होते त्याचा पासवर्ड स्वागतकक्षातल्या फळ्यावर लिहिलेला मला दिसला. मी त्यांना दावा लावू नका असा सल्ला दिला. धारकाला स्वतःलाच ज्याची किंमत वाटली नाही, त्यासाठी दुसऱ्याला शिक्षा करा असे न्यायालयाला सांगता येत नाही.

आता नेहमीच्या समर्थनांकडे वळू. पहिले म्हणजे, गुपित ही मालमत्ता आहे आणि मालमत्तेचे रक्षण व्हायलाच हवे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये मॉन्सँटो कंपनीच्या प्रकरणात गुपिताला मालमत्ता मानले हे खरे. पण युक्तिवाद म्हणून हे वर्तुळात फिरणे आहे. आपण रक्षण करतो म्हणून ती मालमत्ता ठरते, आणि ती मालमत्ता आहे म्हणून रक्षण करा असे आपणच म्हणतो. याच न्यायालयाचे न्यायमूर्ती होम्स यांनी १९१७ मध्येच बजावले होते की, अशा प्रकरणांची सुरुवात मालमत्तेपासून करू नये; प्रतिवादीला माहिती विश्वासाने मिळाली होती, तेथून करावी. दुसरे समर्थन संशोधनाला प्रोत्साहन मिळते हे. त्यात तथ्य आहे, पण ते एकटे पुरत नाही, कारण प्रोत्साहनासाठी पेटंट आहेच आणि ते शोध उघडही करते. तिसरे समर्थन व्यापारी नीतिमत्तेचे. ते मला मनापासून पटते, पण नीतिमत्ता म्हणजे नेमके काय हे सांगितल्याशिवाय त्यातून कोणताही दावा सुटत नाही.

प्रोत्साहन आणि नीतिमत्ता या दोन्हींचा आधार घेणारा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९७४ चा केवानी ऑइल विरुद्ध बायक्रॉन हा निकाल मी पुनःपुन्हा वाचते, कारण त्यातल्या तारखा फार काही सांगून जातात. केवानीच्या हार्शॉ नावाच्या विभागाने १९४९ मध्ये किरणोत्सार ओळखण्यासाठी लागणाऱ्या कृत्रिम स्फटिकांवर संशोधन सुरू केले आणि १९६६ मध्ये, दहा लाख डॉलरहून अधिक खर्चानंतर, १७ इंचांचा स्फटिक वाढवून दाखवला. इतका मोठा स्फटिक वाढवणे तोवर कोणालाच जमलेले नव्हते. पुढे तिथलेच काही कर्मचारी, ज्यांनी गोपनीयतेच्या करारांवर सह्या केल्या होत्या, बायक्रॉनमध्ये गेले. बायक्रॉन ऑगस्ट १९६९ मध्ये स्थापन झाली आणि एप्रिल १९७० पर्यंत तिने १७ इंचांचा स्फटिक वाढवला. हार्शॉला जेथे पोहोचायला १७ वर्षे लागली, तेथे बायक्रॉन नऊ महिन्यांच्या आत पोहोचली. सर्वोच्च न्यायालयासमोर प्रश्न आपल्याच आक्षेपासारखा होता: राज्याचा गुपितांचा कायदा पेटंट कायद्याच्या उद्देशालाच मारक नाही का? न्यायालयाने नाही असे उत्तर दिले. ज्याला भक्कम पेटंट मिळण्याची खात्री आहे तो इतक्या कच्च्या संरक्षणासाठी ते सोडेल ही शक्यता न्यायालयाला फारच कमी वाटली. आणि ज्याच्या शोधाला पेटंट मिळण्यासारखेच नाही, त्याच्या बाबतीत पेटंट कायद्याचे काही बिघडत नाही.

हे उत्तर मला बरोबर वाटते, पण अपुरेही. खरे कारण त्या कर्मचाऱ्यांच्या करारांत आहे. हार्शॉने स्फटिक वाढवला तो माणसांना माहिती देऊनच. एकट्या माणसाच्या डोक्यात राहिलेल्या गुपिताला कायदा लागत नाही, पण त्याचा उपयोगही मर्यादितच राहतो. ते कामाला लावायचे तर भट्टीवरच्या माणसाला तापमान सांगावे लागते, यंत्र बनवून देणाऱ्याला आराखडा द्यावा लागतो, कच्चा माल पुरवणाऱ्याला शुद्धतेचे प्रमाण सांगावे लागते, भांडवल देणाऱ्याला हिशेब दाखवावा लागतो. प्रत्येक सांगण्यात गुपित थोडे धोक्यात येते. कायदा हा धोका कमी करतो, आणि म्हणून माणसे सांगायला धजावतात.

कायदा नव्हता तेव्हा काय होत होते, हे इतिहासात नोंदलेले आहे. व्हेनिसने १२९१ मध्ये काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या. त्यात आगीची भीती होतीच, पण पुढे काच बनवणाऱ्या कारागिरांना प्रजासत्ताक सोडून जायलाच बंदी झाली. सॅक्सनीचा शासक ऑगस्टस याने चिनी मातीच्या भांड्यांचे रहस्य उलगडण्याच्या कामाला लावलेल्या बॉटगर या किमयागाराला नजरकैदेत ठेवले, १७१० मध्ये माइसेनच्या किल्ल्यात कारखाना काढला, आणि संपूर्ण कृती एकाच माणसाला कळू नये अशी कामाची वाटणी केली. इतके करूनही दशकभरात फुटलेल्या कारागिरांकरवी ते ज्ञान व्हिएन्नात पोहोचले. येथे लक्षात घ्यावे की ज्याला माहितीवर कायद्याचा हक्क नव्हता, त्याने माहितीऐवजी माणूसच कोंडून ठेवला. आजही जेथे कायदा दुबळा असतो तेथे मालक हेच सौम्य रूपात करताना मला दिसतात: महत्त्वाच्या जागी फक्त घरची माणसे बसवणे, एका खात्याचे काम दुसऱ्याला कळू न देणे, बाहेरच्या कुशल माणसाला कामावर न घेणे. त्यात गुपित कदाचित टिकते, पण धंदा वाढत नाही आणि बाहेरच्या हुशार माणसाला संधी मिळत नाही.

हीच अडचण अनोळखी व्यक्तीशी सौदा करताना अधिक तीव्र होते. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये ती नेमक्या शब्दांत मांडली: माहिती विकत घेणाऱ्याला ती पाहिल्याशिवाय तिचे मोल कळत नाही, आणि एकदा पाहिली की ती त्याला फुकटच मिळालेली असते. गोपनीयता करार आणि त्यामागे उभा असलेला कायदा ही कोंडी फोडतात. एखादा छोटा संशोधक मोठ्या कंपनीच्या बैठकीत आपली प्रक्रिया फळ्यावर काढून दाखवू शकतो, कारण दुसऱ्या दिवशी तीच प्रक्रिया त्या कंपनीने परस्पर वापरली तर त्याला दाद मागता येते. अशा बैठका मी पाहिल्या आहेत. सही झालेला कागद टेबलावर येईपर्यंत फळा कोरा असतो, आणि सही झाली की पुढचे दोन तास माणूस खडू खाली ठेवत नाही. कायदा माहिती दडपतो की मोकळी करतो, या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर मला त्या फळ्यावर मिळाले.

पेटंट हे सर्व का करू शकत नाही, असे आपण विचाराल. एक तर पेटंटला खर्च आणि वेळ लागतो, आणि अर्ज साधारणपणे १८ महिन्यांत प्रसिद्ध होतो. दुसरे, ग्राहकांच्या गरजांची यादी, किंमत ठरवण्याचे गणित, पुरवठादारांच्या अटी यांना पेटंट मिळतच नाही. आणि तिसरे, ज्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते ते म्हणजे फसलेल्या प्रयोगांचे ज्ञान. विशेष रंगलेप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रकरणात अशील माझ्याकडे एकच कागद घेऊन आले होते, त्यावर अंतिम कृती होती. मी त्यांना प्रयोगांची नोंदवही मागितली. ती आली, आणि तिच्या बहुतेक पानांवर लाल शाईची आडवी रेघ होती: हे द्रावक वापरले, लेप तडकला, ते वापरले, वाळायला रात्र गेली, तापमान वाढवले, रंग पिवळा पडला. खरे गुपित त्या रेघा मारलेल्या पानांत होते. प्रतिवादीने कागदाचा कपटाही नेला नव्हता आणि त्याची कृतीही थोडी वेगळी होती. पण त्याच्या नव्या कारखान्याच्या खरेदीच्या नोंदी मागवल्या तेव्हा दिसले की, नव्याने सुरुवात करणारा कोणीही जी द्रावके आधी आजमावून पाहील, त्यांतले एकही त्याने कधी मागवलेच नव्हते. वर्षानुवर्षांच्या अपयशाचा खर्च एकाने केला होता आणि त्याचा लाभ दुसऱ्याने घेतला होता. अपयशाला कोणतेही पेटंट कार्यालय प्रमाणपत्र देत नाही. त्याला संरक्षण मिळते ते याच कायद्यात.

येथवर वाचून मी कायद्याची केवळ वकिली करते आहे असे वाटू नये. गुप्ततेची किंमत समाज मोजतो, आणि कधी कधी ती प्राणांनी मोजतो. इंग्लंडमधल्या चेंबरलेन घराण्याने अडलेल्या बाळंतिणीला सोडवण्यासाठी वापरायच्या चिमट्याचे रहस्य १७व्या शतकापासून शंभराहून अधिक वर्षे घरातच ठेवले. त्या काळात किती माता आणि अर्भके वाचू शकली असती, या विचाराने आजही मन अस्वस्थ होते. तेव्हा त्यांच्या मदतीला आजच्यासारखा कायदा नव्हता, म्हणजे गुप्ततेला कायद्याने जन्म दिला असे म्हणता येत नाही. पण आजचा कायदा अशा गुप्ततेला बळ देणार नाही, याची काळजी घेणे आपल्या हाती आहे. ट्रिप्सच्या ३९व्या कलमातच, औषधांच्या मान्यतेसाठी सरकारकडे दिलेल्या चाचण्यांच्या माहितीला संरक्षण देताना, जनतेच्या रक्षणासाठी आवश्यक असेल तेथे ती उघड करण्याची मुभा ठेवली आहे. जागल्यांचेही तसेच. अमेरिकेच्या २०१६ च्या कायद्यात, कायदेभंगाची माहिती गोपनीयपणे सरकारी अधिकाऱ्याला किंवा वकिलाला देणाऱ्यावर गुपित फोडल्याची जबाबदारी येत नाही. युरोपीय निर्देशाच्या ५व्या कलमातही सार्वजनिक हितासाठी गैरकृत्य उघड करणाऱ्याला संरक्षण आहे. विश्वासाने सांगता यावे म्हणून जो कायदा आहे, त्याचा आडोसा विषारी सांडपाणी किंवा खोट्या चाचण्या लपवायला मिळता कामा नये.

माझा खरा सल तो नोकरी बदलणाऱ्या माणसाविषयी आहे, कारण या कायद्याचा सर्वाधिक दुरुपयोग मी त्याच्यावरच होताना पाहिला. कामावर असताना माणूस दोन गोष्टी मिळवतो: मालकाची विशिष्ट माहिती आणि स्वतःचे कसब. पहिली मालकाची, दुसरे त्याचे. सांगायला हे सोपे आहे, पण दोन्ही एकाच डोक्यात वाढतात. एका तंत्रज्ञाची बाजू मी मांडली होती, ज्याला वीस वर्षांच्या नोकरीनंतर जुन्या मालकाने नोटीस पाठवली. यंत्राचा आवाज ऐकून दाब किती कमी करायचा हे त्याला कळत असे. मालकाचे म्हणणे, हे ज्ञान आमच्या यंत्रावर मिळाले म्हणून ते आमचे. मला हे कधीच मान्य झाले नाही. माणसाच्या कानाला आणि हाताला आलेले शहाणपण त्याच्याबरोबर जाणारच, आणि ते जाऊ देणे हे न्यायाचेही आहे आणि धंद्याच्या हिताचेही.

न्यायालयांनी ही रेषा काढण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला आहे. इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे १९८६ मध्ये फासेंडा चिकन कंपनीचे प्रकरण आले. तिचा माजी विक्री व्यवस्थापक काही सहकाऱ्यांसह तसाच धंदा करू लागला होता आणि ग्राहकांची नावे, गाडीचे मार्ग, फेरीच्या वेळा, कोणाला काय भाव लावला जातो हे त्यांना ठाऊक होते. न्यायालयाने सांगितले की नोकरीत असताना ही माहिती जपण्याचे बंधन असले तरी, नोकरी सुटल्यावर फक्त खरोखरीच्या गुपितांचेच, किंवा तितक्याच गोपनीय माहितीचे, बंधन उरते. रोजच्या कामात अंगवळणी पडलेल्या अशा माहितीचे नाही. कंपनी हरली. युरोपीय निर्देशानेही प्रामाणिकपणे मिळवलेला अनुभव आणि कौशल्य वापरण्यास आडकाठी नाही असे स्पष्ट केले आहे. स्पर्धा न करण्याच्या करारांविषयी तर १८७२ पासून कॅलिफोर्नियात आणि भारतात जवळपास सारखाच नियम आहे: माणसाला आपला व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. दोन्ही कलमांचे मूळ अमेरिकी वकील डेव्हिड डडली फील्ड यांनी न्यूयॉर्कसाठी तयार केलेल्या संहितेच्या मसुद्यात आहे. कॅलिफोर्नियातले संगणक आणि चिपचे उद्योग या नियमाखालीच वाढले; तेथे माणसे मोकळेपणाने कंपन्या बदलत राहिली आणि गुपितांचा कायदाही आपल्या जागी राहिला. माहितीचे रक्षण करायला माणसाला बांधून ठेवावे लागत नाही, याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

म्हणून आपल्या आक्षेपातला जो भाग मला खरा वाटतो, त्याचे उत्तर मी कायदा रद्द करण्यात न शोधता दाव्याच्या पहिल्या पायरीवर शोधते. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत अशी अट आहे की, वादीने आपले गुपित नेमके कोणते हे वाजवी तपशिलाने लेखी सांगितल्याशिवाय त्याला त्या गुपितासंबंधी प्रतिवादीची कागदपत्रे मागता येत नाहीत. हे निवेदन न्यायालयाच्या बंद लखोट्यात राहू शकते, त्यामुळे गुपितही फुटत नाही. ‘आमची सर्व तांत्रिक आणि व्यापारी माहिती’ असे लिहून दावा लावणाऱ्याला या अटीपुढे थांबावे लागते, आणि ज्याच्यावर दावा आहे त्याला निदान आपण काय वापरू नये हे कळते. माझ्याकडे वादी म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला, कायदा मागो वा न मागो, मी हे निवेदन आधी लिहायला लावते. रंगलेपाच्या कारखान्याने ते साडेतीन पानांत लिहिले, प्रत्येक प्रयोगाच्या तारखेसह. त्या तंत्रज्ञाच्या जुन्या मालकाला मात्र मी हेच लेखी मागितले, दोनदा मुदत दिली, आणि शेवटी त्याच्या वकिलांकडून नोटीस मागे घेतल्याचे पत्र आले.